एका ‘पँड’ची गोष्ट

हा भाग ऐकायला नाही तर वाचायला आलेल्यांसाठी आधीच सांगते, बोलताना मी मध्ये मध्ये भरकटले होते. ते काढलेलं नाही, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत. एकूण चाळीस वेळा ‘ॲक्च्युअली’ म्हटलं होतं, मोजलं मी.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, कंपायलरवर काम करतेस म्हणजे दिवसभर नक्की करतेस काय? आईही हेच विचारते. तिला मी सांगते, “अगं, लोक जे लिहितात ते मशीनला समजेल असं करून देणाऱ्या प्रोग्रामची मी डागडुजी करते.” त्यावर ती म्हणते, “म्हणजे दुसऱ्याचं काम.” बरोबरच आहे तिचं.

तर आज त्याच डागडुजीतली एक गोष्ट, आणि त्यात चूक माझी आहे. बी.टेक. करून पाच वर्षं नोकरी झाली होती, तीन वर्षं कंपायलरवर होते, कॉलर जरा ताठ होती, तेव्हाची.

आधी थोडी पार्श्वभूमी. हे ऐकताना तुमच्या हातात जो फोन आहे, त्यातला फोटो म्हणजे शेवटी बाइटांची रांग असते. एक बाइट, आठ बिट, 0 ते 255. फोटो उजळ करायचा तर लाखो बाइटांवर तीच एक क्रिया करायची. एकेक करत बसलो तर वेळ जातो. म्हणून प्रोसेसरमध्ये रुंद रजिस्टर असतात. इंटेल आणि एएमडीच्या एक्स86 चिपमध्ये एक्सएमएम नावाचं रजिस्टर 128 बिटांचं असतं, म्हणजे त्यात 16 बाइट शेजारी शेजारी मावतात. एक सूचना दिली की सोळाच्या सोळा बेरजा एकदम. याला व्हेक्टर म्हणायचं. भौतिकशास्त्रातला बाण डोक्यातून काढून टाका, इथे व्हेक्टर म्हणजे एका ओळीत बसलेले समान आकाराचे आकडे.

आता गंमत अशी की एक्स86 मध्ये बाइटांची बेरीज आहे, वजाबाकी आहे, तुलना आहे. 1997 च्या एमएमएक्सपासून आहे. पण बाइटांचा गुणाकार नाही! सोळा बिटांचा आहे, बत्तीसचा आहे, आठचा नाही. बाइटांना डावी-उजवीकडे सरकवायची सूचना, म्हणजे शिफ्ट, तीही नाही. तुमच्या फोनमधल्या आर्म चिपला निऑनमध्ये या दोन्ही गोष्टी थेट येतात. म्हणजे या एका बाबतीत खिशातला फोन सर्व्हरपेक्षा सरस. ऑफिसात हे मी एकदा जेवताना म्हटलं, तर दोन जण अर्धा तास भांडले.

पण प्रोग्रामरला हे कुठे माहीत असतं? तो आपला लिहितो ‘अ गुणिले ब’. मशीनकडे सूचना नसेल तर जुगाड करायचं काम कंपायलरचं. असे आठ बिटांचे, कधी सोळा बिटांचे व्हेक्टर हाताळणारा कोड म्हणजे कंपायलरमधलं सगळ्यात जुगाडू खातं. एलएलव्हीएम हा कंपायलर 2000 साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झाला. आमच्या कंपनीचा कंपायलर त्यावरच बेतलेला, वर आमचे स्वतःचे बदल. एलएलव्हीएममध्ये एक्स86 साठी हे जुगाड जिथे आहेत ती एकच फाइल पन्नास हजार ओळींच्या पुढे गेलेली आहे. उघडली की एडिटर आधी उसासा टाकतो.

एक नमुना सांगते, मला फार आवडतो. समजा बाइट डावीकडे तीन घरं सरकवायचे आहेत. बाइटची सूचना नाही, सोळा बिटांची आहे. सोळा बिटांचं एक घर म्हणजे एका बाकावर बसलेली दोन मुलं. अख्खा बाक सरकवला तर या मुलाचं दप्तर त्या मुलाच्या मांडीवर जातं. म्हणजे खालच्या बाइटचे वरचे तीन बिट शेजारच्या बाइटमध्ये शिरतात. मग काय करायचं, सरकवू द्यायचं आणि नंतर एक ‘अँड’ करून शिरलेले बिट पुसायचे. दोन सूचनांत काम होतं.

उजवीकडे, आणि तेही चिन्ह सांभाळून सरकवायचं असेल तर आणखी मजा. समजा −64. बिटांत लिहिलं तर 11000000, म्हणजे चिन्ह विसरलं तर 192. दोन घरं उजवीकडे सरकवून उत्तर यायला हवं −16. साधं सरकवलं, शेजाऱ्याचे बिट पुसले, की येतात 48. आता 128 ला पण दोन घरं सरकवा, येतील 32. 48 आणि 32 चा एक्सॉर घ्या, 16. त्यातून 32 वजा करा. −16! पहिल्यांदा हे कागदावर करून पाहिलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि रूममेटला उठवून दाखवलं. तिने “छान” म्हटलं आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं. ती एचआरमध्ये आहे.

गुणाकाराचं मात्र जरा लांबलचक आहे, आणि आजची गोष्ट तिथेच आहे, म्हणून नीट ऐका.

सोळा बाइट आहेत. सोळा बिटांचा गुणाकार वापरायचा तर प्रत्येक बाइटला दुप्पट जागा द्यायला हवी. म्हणून रजिस्टरचे दोन भाग करायचे, आठ बाइट इकडे, आठ तिकडे, प्रत्येकाच्या डोक्यावर आठ शून्यं ठेवायची. याला रुंद करणं म्हणू. दोन्हीकडे सोळा बिटांचा गुणाकार. मग पुन्हा अरुंद करून सोळाच्या सोळा बाइट एका रजिस्टरमध्ये बसवायचे. बसवायला ‘पॅक’ नावाची सूचना आहे. पूर्ण नाव पॅकयूएसडब्ल्यूबी, पण मी पॅकच म्हणेन.

आता दोन प्रकारचे आकडे डोळ्यांसमोर आणा. जुन्या स्कूटरचं किलोमीटरचं मीटर. 99999 झाले की पुढचा आकडा 00000. वरचा हातचा कुठे गेला, कुणाला पर्वा नाही. प्रोग्रामरने बाइटांचा गुणाकार लिहिला की त्याला हेच हवं असतं. 45 गुणिले 7 म्हणजे 315, बाइटमध्ये 255 च्या पुढे मावत नाही, 256 वजा होऊन उरले 59. दुसरा प्रकार, भाजीवाल्याचा स्प्रिंगचा ताणकाटा. दहा किलोचा काटा आणि बारा किलो कांदे लावले, तर काटा दहावर जाऊन टेकतो. दोन किलो दाखवत नाही.

पॅक हा ताणकाटा आहे. 315 दिले की तो 255 वर टेकतो. आणि त्यात आणखी एक मेख. येणारा सोळा बिटांचा आकडा तो चिन्हासकट वाचतो. 200 गुणिले 200 म्हणजे 40000. सोळा बिटांत चिन्हासकट वाचलं तर तो ऋण आकडा दिसतो, आणि ऋण दिसला की पॅक त्याला 0 करतो. खरं उत्तर 64.

म्हणून गुणाकार झाल्यावर आणि पॅक करायच्या आधी एक चाळणी लावतात. 255 शी ‘अँड’. वरचे आठ बिट गेले, खालचे आठ राहिले, आता आकडा 255 च्या वर जाऊच शकत नाही, पॅकने टेकायचा प्रश्न मिटला. मशीनच्या भाषेत या सूचनेचं नाव ‘पँड’. ही ‘पँड’ लक्षात ठेवा.

आता माझं काम. आमच्या कोडमध्ये ‘रुंद करा, क्रिया करा, अरुंद करा’ ही एकच कथा चार ठिकाणी वेगवेगळी लिहिली होती. गुणाकार, डावी शिफ्ट, उजवी शिफ्ट, चिन्हासकट उजवी शिफ्ट. चार वेगळ्या माणसांनी, चार वेगळ्या वर्षी. व्हेरिएबलची नावं वेगळी, एकात लूप, एकात कॉपी-पेस्ट. वर प्रत्येकात 128 बिटांसाठी एक फांदी, 256 साठी दुसरी, 512 साठी तिसरी. नवीन चिपचा सपोर्ट घालायचा तर चारही ठिकाणी हात घालावा लागायचा आणि हमखास एक राहून जायचं. मला सांगितलं, याचं एक फंक्शन कर. रिफॅक्टरिंग. वागणूक तीच ठेवायची, फक्त रचना सुधारायची. जुन्या वाड्यात राहणारी माणसं न हलवता वायरिंग बदलायचं, तसं.

मी चारही कोड शेजारी शेजारी लावले. गुणाकार आणि डाव्या शिफ्टमध्ये पॅकच्या आधी चाळणी होती. उजव्या शिफ्टमध्ये नव्हती. चिन्हासकटच्यात वेगळा पॅक होता, चिन्ह राखणारा, त्यातही चाळणी नव्हती. म्हणजे दोघांत आहे, दोघांत नाही. कुठेही कॉमेंट नाही. गिटमध्ये इतिहास पाहिला, चाळणी ज्या बदलात आली त्याच्या संदेशात एकच शब्द होता, ‘फिक्स’. कशाचं फिक्स, देव जाणे.

आता हे सगळं तुम्हाला सांगून झाल्यावर उत्तर उघड वाटतं. उजवी शिफ्ट आकडा लहानच करते, डोक्यावर शून्यं ठेवली होती ती शून्यंच राहतात, मग चाळणी कशाला? गुणाकार आणि डावी शिफ्ट आकडा मोठा करतात, म्हणून तिथे हवीच. पण मी तेव्हा उलट वाचलं. मला वाटलं, चौघांपैकी दोघांचं चाळणीशिवाय भागतंय, म्हणजे पॅक स्वतःच वरचे बिट टाकून देत असणार. जुन्या माणसांनी काळजीपोटी ‘असू दे’ म्हणून लावली असेल. आपल्याकडे कुलपाला कुलूप लावतात तसं.

इंटेलचं मॅन्युअल उघडून पॅकचं पान वाचायला दोन मिनिटं लागली असती. मी ते आधी वाचलेलं होतं. ‘वाचलेलं आहे’ या भरवशावर पुन्हा उघडलं नाही.

खरं सांगायचं तर माझं सगळं लक्ष दुसऱ्याच सापळ्याकडे होतं. 256 बिटांच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे एव्हीएक्स2 मध्ये, बऱ्याच सूचना अख्खं रजिस्टर एक समजत नाहीत. 128 चे दोन कप्पे समजतात आणि आपापल्या कप्प्यात काम करतात. रुंद करायच्या दोन पद्धती आहेत. एक कप्प्यातल्या कप्प्यात पसरवते, दुसरी एका टोकाकडून ओळीने घेते. पॅक मात्र कप्प्यातल्या कप्प्यातच बसवतो. पहिली पद्धत आणि पॅक यांची जोडी जमते, क्रम आपोआप पूर्ववत होतो. दुसरी पद्धत आणि पॅक लावला तर मधले दोन गठ्ठे अदलाबदल होऊन बसतात, आणि ते सरळ करायला वेगळी सूचना द्यावी लागते. हे मी अगदी बरोबर केलं होतं. दोन दिवस कागदावर 0 ते 31 आकडे लिहून, रंगीत पेनं घेऊन. अवघड भागावर एवढं लक्ष की सोपा भाग मागच्या दाराने निसटला.

दुसरी धास्ती होती छोट्या व्हेक्टरची. चारच बाइट असतील तर? रजिस्टर सोळांचं, पाहुणे चार. एलएलव्हीएम पूर्वी अशा चार बाइटांना पूर्ण रजिस्टरभर पसरवून बसवायचा, प्रत्येकाला बत्तीस बिटांची ऐसपैस खुर्ची. 2020 मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून पद्धत बदलली. चौघे खालच्या बाजूला दाटीवाटीने शेजारी शेजारी, आणि वरच्या बारा जागांत काय आहे याची कोणतीही हमी नाही. बेरजेला फरक पडत नाही, कचऱ्यात कचरा मिळवा, कोण बघतंय. भागाकाराला पडतो, कारण त्या रिकाम्या जागेत शून्य असलं आणि शून्याने भागलं तर प्रोग्राम जागेवर कोसळतो. म्हणून भागाकार फक्त खऱ्या पाहुण्यांपुरताच करतात. आमच्या चार फंक्शनांपैकी एकात अजूनही जुन्या, पसरट बैठकीचं गृहीत धरलेलं होतं. ते मी शोधून काढलं, दुरुस्त केलं, आणि मनात स्वतःची पाठ थोपटली. इथून पुढे सावधपणा संपला असावा.

तर, चाळणी काढली. चार फंक्शनांचं एक झालं. 340 ओळी गेल्या, 90 आल्या. असा डिफ पाहिला की इंजिनिअरला जे वाटतं ते इतरांना सांगून कळत नाही. दिवाळीआधी माळा साफ केल्यासारखं.

टेस्ट चालवल्या. बऱ्याच फाइली लाल. पण यात घाबरण्यासारखं काही नसतं, असं आमच्या कामात धरलं जातं. का, ते सांगते, कारण गोष्टीची सगळ्यात गोची तिथे आहे. या टेस्ट म्हणजे ‘हा कोड दिला तर कंपायलरने नेमक्या या सूचना, या क्रमाने काढल्या पाहिजेत’ अशा याद्या. जरा क्रम बदलला, रजिस्टर बदललं, तरी टेस्ट लाल. उत्तर बरोबर असलं तरी. मग त्या याद्या हाताने कोण सुधारणार? म्हणून एलएलव्हीएममध्ये एक पायथन स्क्रिप्ट आहे, ‘अपडेट एलएलसी टेस्ट चेक्स’. ती चालवली की आता कंपायलर जे काही काढतो तेच ती यादीत लिहून टाकते. पेपर तपासायला विद्यार्थ्याचीच उत्तरं नमुना म्हणून वापरायची, अशी सोय आहे ती. उपयोगाची आहे, मी रोज वापरते. पण तिने बदललेल्या याद्या नंतर माणसाने वाचायच्या असतात.

वाचल्या मी. खरंच वाचल्या. चाळीस फाइलींत ठिकठिकाणी एक एक ‘पँड’ कमी झालेली दिसली. आणि मी रिव्ह्यूच्या वर्णनात लिहिलं, “अनावश्यक मास्क काढल्याने गुणाकारात प्रत्येकी दोन सूचनांची बचत.” बचत! रिव्ह्यू करणाऱ्याने अंगठा दिला. त्याला दोष देत नाही, 340 वजा 90 बघून मीही दिला असता.

प्रत्यक्ष चालवून उत्तर तपासणारी एक टेस्ट होती. त्यात 0 ते 15 आकड्यांना 3 ने गुणलं होतं. सगळ्यात मोठं उत्तर 45. पास.

तीन आठवड्यांनी आमची नवी आवृत्ती गेली. एका ग्राहकाने आपला सर्व्हरवरचा प्रोग्राम तिच्यावर पुन्हा बांधला. त्यांचं काम शेतातल्या ओलाव्याचं. जमिनीत पुरलेली यंत्रं दर अर्ध्या तासाला ओलावा टक्क्यांत नोंदवतात, दिवसाचे 48 आकडे, प्रत्येकी एक बाइट, आणि दिवसातून एकदा पाठवतात. सोबत एक चेकसम. मार्गात आकडे बिघडले तर कळावं म्हणून. प्रत्येक आकड्याला ओळीने 1, 3, 5, 7, पुन्हा 1, 3, 5, 7 ने गुणायचं, बाइटपुरतं ठेवायचं, सगळे मिळवायचे. यंत्र आपल्या छोट्या प्रोसेसरवर एकेक करून हिशोब करतं. सर्व्हर तोच हिशोब व्हेक्टरने करून जुळतो का पाहतो. हे गुणक टेबलातून वाचले जात होते, त्यामुळे कंपायलरला आधी माहीत नव्हते, आणि गाडी बरोबर माझ्या फंक्शनमधून जात होती.

आता हिशोब करा. 36 गुणिले 7 म्हणजे 252. ठीक. 37 गुणिले 7 म्हणजे 259, काटा टेकला. म्हणजे दिवसभर ओलावा 36 च्या आत राहिला तर चेकसम जुळतो. सातने गुणल्या जाणाऱ्या जागी एकदा जरी 37 आला तर जुळत नाही. न जुळलेला दिवस ‘खराब’ म्हणून टाकून दिला जात होता आणि शेवटचा चांगला दिवस धरला जात होता.

कोरड्या दिवसांची नोंद स्वीकारली जात होती आणि पाणी दिलेल्या दिवसांची फेकली जात होती. जमीन ओली झाली की सर्व्हरला ते कळायचंच नाही. त्याच्या लेखी सगळी शेतं कोरडीच. आणि त्या आकड्यांवर ठिबकचे व्हॉल्व्ह चालत होते.

अकरा दिवस. अकराव्या दिवशी त्यांच्याकडच्या कुणीतरी फोन केला, की शेतकरी म्हणतायत मोटर बंद व्हायला तयार नाही, मुळाशी पाणी साचलंय.

ही बातमी आमच्याकडे आली तेव्हा ती ‘चेकसम मिसमॅच आफ्टर कंपायलर अपग्रेड’ अशा एका ओळीच्या तिकिटाच्या रूपात आली. शेत वगैरे त्यात काही नव्हतं. ते मला कॉलवर कळलं. आमची तासगावकडे द्राक्षबाग आहे, मोठी नाही. नको त्या वेळी जास्त पाणी झालं की बागेचं काय होतं आणि बाबा रात्री कसे जागे राहतात हे मी लहानपणापासून पाहिलंय. कॉलवर मी म्यूटवर होते ते बरं झालं.

कोणाचा बदल हे शोधायला गिट बायसेक्ट लावलं. दोन आवृत्त्यांच्या मध्ये दोनशेच्या आसपास बदल होते. मधला घ्यायचा, बांधायचा, तपासायचा, निम्मे टाकायचे. आठ फेऱ्यांत सापडतं. प्रत्येक बांधणीला माझ्या मशीनवर चाळीस मिनिटं. पाचव्या फेरीला मला कळलं होतं. उरलेल्या दहा-बारा बदलांत माझं नाव एकदाच होतं. तरी आठही फेऱ्या केल्या. मधल्या चाळीस-चाळीस मिनिटांत काय केलं आठवत नाही, बहुतेक चहा.

आमचे एक सीनियर आहेत, आधी कॉलेजात शिकवायचे म्हणून अख्खी टीम त्यांना सरच म्हणते. त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन गेले. म्हटलं, “सर, माझंच आहे.” त्यांनी डिफ पाहिला, वर्णन वाचलं, ‘बचत’ शब्दावर थांबले. मग म्हणाले, “अगं, तुला वाटलं कचरा काढला. तू चाळणी काढलीस.” पुढे काहीच बोलले नाहीत. खुर्ची ओढली आणि म्हणाले, “बस. आधी त्यांना पॅच देऊ.”

पॅच दोन ओळींचा होता. त्याच संध्याकाळी गेला. ग्राहकाने टाकून दिलेली पॅकेट्स सुदैवाने एका फोल्डरमध्ये साठवून ठेवली होती, ती पुन्हा तपासली, सगळी जुळली. आकडे परत मिळाले. पाणी काही परत घेता येत नाही. कुणाचं किती नुकसान झालं हे मी विचारलं होतं, उत्तर आलं नाही. ते प्रकरण वरच्या लोकांनी हाताळलं.

मॅनेजरचं म्हणणं होतं, रिफॅक्टरिंगच मागे घ्या, जुनी चार फंक्शनं परत आणा. समजू शकते. सरांनी नको म्हटलं. त्यांचा मुद्दा असा, की त्या चार फंक्शनांत चाळणी का आहे आणि का नाही हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. जुनं परत आणलं तर पुढचा माणूस पुन्हा त्याच जागी घसरणार. मला त्यांचं पटलं, पण कबूल करते, त्या वेळी मला मनातून जुनंच परत हवं होतं. माझं नाव असलेली ती 90 ओळींची फाइल नजरेसमोर नको होती.

मग दुसऱ्यांदा लिहिलं. यावेळी फंक्शनला विचारायलाच लावलं. रुंद कसं करायचं: डोक्यावर शून्यं ठेवून, की चिन्ह पुढे ओढून, की वर काहीही असलं तरी चालेल? गुणाकाराला खरं तर वरचा कचरा चालतो, कारण गुणाकाराचे खालचे आठ बिट फक्त खालच्या आठ बिटांवर ठरतात. उजव्या शिफ्टला बिलकूल चालत नाही, वरचा कचरा खाली उतरतो. आणि अरुंद करताना चाळणी लावायची की नाही हे बोलावणाऱ्याच्या मर्जीवर ठेवलंच नाही. कोणते बिट नक्की शून्य आहेत याचा हिशोब कंपायलरकडे असतोच. वरचे आठ बिट नक्की शून्य आहेत असं तो सिद्ध करू शकला तर चाळणी वगळायची, नाही तर लावायचीच. मूळ एलएलव्हीएममध्ये पॅक करण्यासाठी ‘गेटपॅक’ नावाचं एक छोटं फंक्शन आहे, पॅकच्या आधी वरचे बिट साफ करायची जबाबदारी तेच घेतं. मी ते आधी पाहिलं असतं तर एवढा मोठा भाग रेकॉर्डच झाला नसता.

आणि टेस्ट. हे मात्र ज्यांना कोडिंग येतं त्यांनी ऐका. बाइटची दुनिया फार लहान आहे. 256 गुणिले 256, एकूण 65,536 जोड्या. एका दमात सोळा जोड्या होतात, म्हणजे 4,096 व्हेक्टर गुणाकार. डोळ्याची पापणी लवायच्या आत होतात. नमुन्याचे आकडे घ्यायची गरजच नाही, सगळेच तपासून टाकायचे! शिफ्टचं तर आणखी कमी, 256 आकडे आणि 8 अंतरं, 2,048. बत्तीस बिटांना हे जमणार नाही, तिथे जोड्यांचा आकडा आवाक्याबाहेर जातो. आठ बिटांना जमतं, आणि इतकी वर्षं कुणीच केलेलं नव्हतं, कारण यादीवाल्या टेस्ट होत्या ना. अलाइव्ह2 नावाचं एक सुंदर साधन आहे, कंपायलरच्या मधल्या टप्प्यातले बदल गणिताने सिद्ध करून दाखवतं. पण आमची चूक त्याच्या पुढच्या टप्प्यातली, मशीनच्या सूचना निवडतानाची. तिथे मेलं कोण बघतंय?

सगळ्या 65,536 जोड्यांची टेस्ट मी आधी माझ्या जुन्या, चुकलेल्या कोडवर चालवली. मुद्दाम. 45 गुणिले 7 च्या ओळीत अपेक्षित 59, मिळाले 255. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

नवा बदल टाकायच्या आधी रिव्ह्यूला सर बसले. वर्णनात यावेळी ‘बचत’ नव्हती. पॅकच्या वर मी चार ओळींची कॉमेंट लिहिली होती: ताणकाटा नाही, अर्थात, सरळ इंग्रजीत, की ही सूचना टेकते, गुंडाळत नाही, म्हणून मास्क. सर म्हणाले, “कॉमेंटमध्ये तो 45 गुणिले 7 पण टाक.” टाकला.

आता आमच्या कोडमध्ये एक पाचवं फंक्शन उरलंय, बाइट गोल फिरवायचं, रोटेट. तेही तसंच जुनं आहे, त्यातही एक ‘पँड’ आहे आणि वर कॉमेंट नाही. पुढच्या सोमवारी ते माझ्याकडे आहे. टेस्ट आधी लिहून झाली आहे, 2,048 ओळींचा निकाल येतो, सगळा हिरवा. ‘पँड’ला अजून हात लावलेला नाही.

भेटू पुढच्या भागात.